एस्टीतली शेळी

खिल्लारेंना फोन करून कोणी संगणकाचं ग्राफिक्स कार्ड मागितलं, की ते कंपनी, वेग, किंमत यातलं काहीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "डबा किती रुंद हाय?"

समोरचा गोंधळून जाई. मग खिल्लारे सावकाश समजावत. कार्यालयांतून आणि बँकांतून निघालेले जुने संगणक अंगाने बारीक असतात. त्यांच्या डब्यात अर्ध्या उंचीचं कार्डच बसतं. पूर्ण उंचीचं आणलं तर झाकण लागत नाही, आणि झाकण लागलं नाही की आत पाल जाते. "पट्टी घ्या अन् मोजा. मी फोन धरून थांबतो," असं म्हणून ते खरोखर थांबत. पलीकडून कपाटं उघडल्याचे, लेकरांना पट्टी कुठे ठेवली ते विचारल्याचे आवाज येत. खिल्लारे फोन कानाला लावून भिंतीकडे पाहत बसत.

त्यांची स्वतःची पट्टी शर्टाच्या खिशात असे. पोलादी, सहा इंची, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला छपाईची मापं. ती आमच्या दैनिकाच्या काळातली होती. हिंगोलीत त्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती निघत होती तेव्हा वामन खिल्लारे तिथे पानं लावत आणि मी बातम्या देत असे. बातमी जास्त झाली की ते ती वाचत नसत. पडद्याला पट्टी लावून अंगठ्याने दाखवत, "एवढी कापा." काय कापायचं हे त्यांनी एकदाच सुचवलं. कोणाच्या तरी सत्काराची बातमी होती. पट्टी लावून ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "ह्याच्यात हारच लई हायेत. हार कमी करा, बसंल."

उंचीने बेताचे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी. कोणाशी बोलायला सुरुवात करताना आणि बोलणं संपवताना "जय भीम". आवाज चढलेला मी ऐकला नाही. दैनिकाच्या मालकांनी एके वर्षी सांगितलं, की पानं लावायच्या सॉफ्टवेअरचा परवाना यापुढे परवडणार नाही. तेव्हा खिल्लारेंनी कार्यालयातल्या सगळ्या यंत्रांवर लिनक्स बसवलं. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. पहिल्या काही अंकांत मथळ्यांतले रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. वाचकांची पत्रं आली. खिल्लारेंनी ती शांतपणे वाचली आणि एकेक रफार जागेवर आणला.

कळमनुरीहून ते रोज एस्टीने हिंगोलीला येत आणि एस्टीनेच परत जात. प्रवासात जे घडे ते नीट लक्षात ठेवत. कोणाची टोपली सुटून टमाटे ड्रायव्हरच्या पायाखाली गेले, कोणी सासरऐवजी माहेरचं तिकीट काढलं, कोणाला झोप लागून गाव मागे पडलं. कार्यालयात मात्र यातलं ते काही सांगत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, "ते घरचं हाय."

घरी त्यांची मुलगी उज्ज्वला वाट पाहत असे. दारात पाऊल पडायच्या आत ती आतल्या खोलीतून विचारायची, "पप्पा, आज एस्टीत काय झालं?"

उज्ज्वलाला स्नायूंचा आजार होता. शाळेत असतानाच पाय गेले, मग खांदे. नांदेड झालं, हैदराबाद झालं. दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं, की हातही जातील. कधी, ते कोणी सांगितलं नाही. खिडकीजवळ तिची खुर्ची होती, खुर्चीसमोर टेबल, टेबलावर संगणक. बाहेरचं जग तिच्याकडे दोन वाटांनी येत असे. एक वाट संगणकाची. दुसरी संध्याकाळच्या एस्टीची.

मग आवृत्ती बंद झाली. आम्ही पांगलो. खिल्लारेंनी कार्यालयातले जुने संगणक घेतले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू केलं. रोजचा प्रवास थांबला. काही दिवस त्यांनी बसस्थानकाकडून जाऊन येऊन काहीबाही सांगून पाहिलं. उज्ज्वला ऐकून घ्यायची. एके संध्याकाळी म्हणाली, "पप्पा, उभ्या एस्टीत काय होतंय? राहू द्या. आता मीच सांगत जाते."

तिने संगणकावर चलचित्र बनवायला घेतलं. त्याचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. इंटरनेटवरचे धडे पाहून ती ते शिकली. विषय खिल्लारेंनी कधीतरी सांगितलेला होता. एक म्हातारी शेळी घेऊन एस्टीत चढली आणि शेळीच्या तिकिटावरून तिचं कंडक्टरशी भांडण झालं. उज्ज्वलाने म्हातारी काढून टाकली. तिच्या गोष्टीत शेळी एकटीच सेनगावला एस्टीत चढते, कंडक्टरशी स्वतः भांडते, खिडकीची जागा धरते आणि कळमनुरीच्या आठवडी बाजाराला जाते.

मी विचारलं, "बाजारात जाऊन शेळी काय करते?"

"काय करंल? बाजार करंल. मेथी घेईल, परत येईल." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी पेपरवाले, काका. शेळी म्हणलं की तुमाला खाटीकच दिसतो."

गोष्टीतली एस्टी वाटेत सिद्धेश्वर धरणावरून जात होती. लहानपणी, पाय चालत होते तेव्हा, उज्ज्वलाच्या शाळेची सहल तिथे गेली होती. खिल्लारे म्हणाले, "बाई, सेनगाव-कळमनुरीचा रस्ता तिकून जातच न्हाई. औंढ्याकडं काहून वळवली?"

"एस्टी माझी हाय," उज्ज्वला म्हणाली.

खरी अडचण रस्त्याची नव्हती. शेळीच्या केसांची होती.

संगणकावर भिंत, बस, खांब उभे करणं सोपं असतं. केस अवघड. शेळीच्या अंगावरचा प्रत्येक केस संगणकाला वेगळा धरावा लागतो, आणि शेळी वळली की सगळे पुन्हा मोजावे लागतात. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. उज्ज्वलाच्या यंत्रात जे होतं ते वर्तमानपत्राची पानं दाखवण्यापुरतं होतं. माउस हलवला की शेळी उशिरा वळायची, मग जास्त वळायची, मग तिला परत आणावं लागायचं. धडधाकट माणसाला हा नुसता वैताग वाटेल. उज्ज्वलाच्या मनगटात दिवसाला मोजक्या हालचाली होत्या. त्यातल्या निम्म्या शेळीला परत आणण्यात जात.

"पप्पा, केस लावले की पडदा झोपतो."

"मग भादरून टाक."

"भादरलेली शेळी एस्टीत बसंल व्हय? लाजंल ती."

"एवढ्या लांबून कोणाला दिसून राहिले केस?"

"शेळीला माहीत असतंय ना."

नवं कार्ड घ्यायचं तर ते आख्ख्या संगणकापेक्षा महाग होतं, आणि घेतलं तरी त्या बारीक डब्यात बसलं नसतं. म्हणून ते जुन्यात शोधू लागले. स्वस्त, अर्ध्या उंचीचं, वेगळी वीज न मागणारं आणि लिनक्सवर चालणारं. या चार अटींत बसणारं कार्ड दुर्मीळ असतं. शोधता शोधता त्यांच्याकडे दुसरीच कार्डं जमत गेली. ती ते दुसऱ्यांच्या यंत्रांना बसवून देऊ लागले. शिक्षक येत, झेरॉक्सवाले येत, गावोगावची शूटिंगवाली मंडळी येत. जिल्ह्यात जुन्या संगणकासाठी कार्ड हवं असेल तर कळमनुरीला खिल्लारेंकडे जावं, हे हळूहळू सगळ्यांना माहीत झालं. ते सुरू कशासाठी झालं, हे थोड्यांना माहीत होतं.

त्यांची काम करायची पद्धत अशी. कार्ड नुसतं देत नसत. माणसाने आपला संगणक आणायचा, समोर बसायचं. खिल्लारे कार्ड बसवत आणि एक चित्रफीत लावत. सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले होते तेव्हा दैनिकासाठी काढलेली. दरवाजातून पाणी कोसळतंय, खाली पांढरा फेस, बाकी काही नाही. कार्डाची परीक्षा पाण्यावर होते, असं ते सांगत. माणूस चालताना दाखवणं कोणत्याही कार्डाला जमतं. कोसळतं पाणी सरळ दाखवणं सगळ्यांना जमत नाही. कार्ड कमी पडलं की पाण्यात आडवी चीर पडे. वरचं पाणी आणि खालचं पाणी जुळत नसे. "पाणी तुटून राहिलं," खिल्लारे म्हणत आणि कार्ड काढून घेत. गिऱ्हाईक म्हणे, चालेल हो, आम्हाला कुठं पाणी बघायचंय? पण ते देत नसत.

सेनगावचा अन्वर लग्नांची शूटिंग करायचा. त्याने एकदा घरबसल्या एक कार्ड मागवलं आणि ते मिरवत खिल्लारेंकडे आला. खोक्यावर मोठं नाव होतं. पाणी तर सोडाच, नवरा-नवरीही धड दिसत नव्हती. खिल्लारेंनी कार्डाचा पंखा उतरवला, चिपेवरचे आकडे भिंगातून वाचले आणि पंखा परत बसवला.

"वर एक लिवलंय. पोटात दुसरंच हाय."

"काका, फोटूत तर बराबर दिसत होतं."

"अन्वर, तू लग्नाची शूटिंग करतो. फोटोवर भरोसा ठेवायचा नसतो, हे तुला मी सांगायचं का?"

खिल्लारेंची बायको कमलबाई आतून हसली. अन्वरही हसला. त्या दिवसापासून तो घरच्यासारखा येऊ लागला. येताना उज्ज्वलासाठी एस्टी स्टँडवरचे, रस्त्याचे, मोकाट शेळ्यांचे फोटो काढून आणायचा. "शेळी पुढून पाहिजे का बाजूनं?" असं तो फोनवर विचारत असे आणि त्याच्या आसपासचे लोक वळून बघत, हे तो फार रंगवून सांगे.

इथे खिल्लारेंच्या एका नियमाबद्दल सांगितलं पाहिजे. ग्राफिक्स कार्डाच्या चिपा बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. खिल्लारे त्यांची नावं घेत नसत. खोक्यांच्या रंगावरून लाल आणि हिरवी म्हणत. कार्ड आणि संगणक यांच्यात एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लाल कार्डांचा दुभाषा लिनक्समध्येच राहतो. जगभरचे लोक त्याची डागडुजी करतात, म्हणून जुनं कार्डही चालत राहतं. हिरव्या कार्डांचा चांगला दुभाषा कंपनीकडून येतो. कार्ड जुनं झालं की नव्या लिनक्ससाठी तो येईनासा होतो. म्हणून जुन्या यंत्राला हिरवं कार्ड लावायचं नाही, असा त्यांचा नियम. लावलंच असेल तर त्या यंत्रावरचं लिनक्स कधी बदलायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारत, "आत कोणतं हाय? लाल का हिरवं?"

हा नियम त्यांनी स्वतः एकदा मोडला. हिंगोलीत गेम खेळायचं एक दुकान बंद होत होतं. तिथे अर्ध्या उंचीचं हिरवं कार्ड मिळालं. ताकद चांगली होती. उज्ज्वलाची उजवी करंगळी आणि शेजारचं बोट तोवर वळेनासं झालं होतं. लाल मिळेपर्यंत थांबायला वेळ आहे की नाही, ते खिल्लारेंना ठरवता येईना. त्यांनी ते आणून लावलं.

शेळीला केस आले. नुसते आले नाहीत, शेळी मान वळवेल तसे हलले. उज्ज्वलाने आईला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. मी गेलो तेव्हा मलाही दाखवलं. माउस बोटभर सरकवला की शेळी तेवढीच वळत होती, कमी नाही, जास्त नाही. "बघा काका, ऐकून राहिली आता," ती म्हणाली. त्या दिवसांत तिने पुष्कळ काम केलं. शेळी सेनगावला चढली, कंडक्टरशी भांडली, हिंगोली ओलांडली.

खिल्लारेंची रविवारची एक सवय होती. अंघोळ, चहा, मग घरातल्या सगळ्या यंत्रांवरचं लिनक्स ताजं करायचं. लोक रविवारी गाडी धुतात तसं. ते एकेका यंत्रासमोर बसत, चार शब्द टाईप करत आणि पुढच्याकडे जात. त्या रविवारी लिनक्सची मोठी नवी आवृत्ती आलेली होती. ते पुढच्या खोलीतून सुरुवात करून उज्ज्वलाच्या टेबलापर्यंत आले. ती झोपली होती. त्यांनी चार शब्द टाईप केले.

यंत्र परत सुरू झालं तेव्हा पडदा काळा होता. डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती.

दुपारपर्यंत त्यांनी पडद्यावर चित्र आणलं, पण ते दुसऱ्या, कच्च्या दुभाष्याच्या जोरावर. शेळी पुन्हा अडखळू लागली. उज्ज्वला म्हणाली, असू द्या पप्पा, मी असंच करते. आठवडाभर तिने तसंच केलं. मग खिल्लारेंनी जुनी आवृत्ती परत बसवली, तर तिची फाईल त्यावर उघडेना. लिनक्ससोबत चलचित्राचं सॉफ्टवेअरही नवं झालं होतं, आणि फाईल एव्हाना त्यात जतन झाली होती. पुढे जावं तर कार्ड चालत नाही, मागे जावं तर काम हरवतं. त्यांनी हिरवं कार्ड काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा लाल शोधायला लागले. त्यात पावसाळा गेला. पावसाळ्यासोबत उज्ज्वलाचा उजवा हातही गेला.

खिल्लारेंनी हे मला बातमी सांगावी तसं सांगितलं, क्रमाने, एकही विशेषण न वापरता. शेवटी म्हणाले, "दुसऱ्या कोणाचं मशीन असतं तर मी पहिलं विचारलं असतं, लाल का हिरवं. घरच्या मशीनला कोण विचारतं?"

पोलादी पट्टी त्यांच्या हातात होती. ते ती अंगठ्यावर वाकवत होते आणि सोडत होते.

लाल कार्ड नांदेडला मिळालं. शेअर बाजाराचा धंदा बंद केलेल्या एका माणसाकडे. तो एका वेळी चार पडदे लावून बसत असे, म्हणून त्याच्या संगणकात चार पडद्यांचं, अर्ध्या उंचीचं कार्ड होतं. खिल्लारेंनी पट्टी लावली, होय म्हणाले आणि पोटाशी धरून एस्टीने आणलं. घरी आल्यावर कळलं, की त्याच्या मागची खाच बारीक आहे, साध्या पडद्याची वायर तिच्यात जात नाही. जोडणीचा छोटा तुकडा नांदेडलाच राहिला होता. तो येईपर्यंत कार्ड उज्ज्वलाच्या टेबलावर पडून होतं.

"पप्पा, आज एस्टीत काय झालं?" तिने विचारलं.

खिल्लारे म्हणाले, "एक येडा माणूस कार्ड घेऊन आला अन् वायर इसरून आला."

"मंग कंडक्टर काय म्हणला?"

"काही न्हाई. त्यानं बी तसंच कायतरी इसरलेलं असंल."

कार्ड लागलं. पाण्याची चित्रफीत लावली. पाणी तुटलं नाही. केस परत आले. आता हात नव्हता. डाव्या हाताचं एक बोट होतं, तेही दिवसातून थोडा वेळ. म्हणून खिल्लारे तिच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसू लागले. माउस त्यांच्या हातात, डोळे तिचे.

"डावीकडं. अजून. बास. लई झालं, पप्पा. मागं."

"एवढं?"

"एवढं न्हाई. एवढंसं."

"बोलण्यात फरक काय हाय दोन्हीत?"

"तुमी पानं लावायचे तवा लोक कसं सांगायचे?"

"लोक सांगत नव्हते. मी पट्टी लावायचो."

मग त्यांनी पडद्याला पट्टी लावली. ती सांगू लागली, अर्धा इंच डावीकडे, पाव इंच वर. बाहेर फोन वाजत राही. खिल्लारे उचलत नसत. पुढच्या खोलीत लोकांची यंत्रं धूळ खात पडली. कमलबाई येणाऱ्यांना सांगत, "एस्टी चालवून राहिले. नंतर या."

शेळी धरणावर पोचली. पाणी आलं. पाण्यात एस्टीची सावली आली. मग कळमनुरी आली, बाजार आला, मेथीची जुडी आली. थंडी सुरू होता होता काम पुरं झालं. राहिलं होतं ते एवढंच, की हे सगळं पक्क्या चित्रांत उतरवायचं. एका सेकंदाला दोन डझन चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्र संगणक स्वतः रंगवून काढतो. जुनं लाल कार्ड शेळी फिरवून दाखवू शकत होतं, हे पक्कं रंगकाम त्याच्या आवाक्यात नव्हतं. ते यंत्राच्या जुन्या मेंदूलाच करायचं होतं. साध्या चित्राला चहा होण्याइतका वेळ लागे. शेळी जवळून दिसत असली की जेवण होई.

सुरुवातीची कळ उज्ज्वलाने स्वतः दाबली. खिल्लारेंनी तिचं बोट उचलून कळीवर ठेवलं, दाबलं तिने. पडद्यावर एक चौकोन भरला, मग शेजारचा. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे तर बैलगाडीनं चाललंय. तोवर मी काय करू?"

"झोप," खिल्लारे म्हणाले.

जानेवारीत तिला सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. नांदेडला नेलं. खोकून कफ काढायची ताकद अंगात नव्हती. ती परत आली नाही.

मी गेलो तेव्हा आतल्या खोलीत सतरंजी घातली होती. बायका बसल्या होत्या. टेबल भिंतीला सरकवलं होतं, आणि संगणक चालू होता. त्याचा पंखा घरघरत होता. कोणीतरी पडद्यावर पांढरं कापड टाकलं होतं. कापडाखालून उजेड कमी-जास्त होत होता. त्रिशरण-पंचशील सुरू व्हायच्या आधी नात्यातला एक माणूस आवाज बंद करावा म्हणून बटणाकडे गेला. खिल्लारे भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "ते चालू राहू द्या." तो माणूस बसला. प्रार्थना झाली. पंखा घरघरत होता.

नंतर लोक भेटायला येत आणि काय बोलावं हे कोणाला सुचत नसे. शेजारच्या एका म्हातारीने एके दिवशी विचारलं, "वामन, शेळी कुठवर आली रं?" खिल्लारे म्हणाले, "खरबी गाव गेलं. हिंगोली यायचीय." तेव्हापासून सगळे तेच विचारू लागले. भाजीवाला विचारी, बसस्थानकावरचा चहावाला विचारी. खिल्लारे थांबून नीट उत्तर देत. हिंगोली आली. हिंगोलीत सिग्नलला थांबलीय. हिंगोली सुटली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एप्रिलमध्ये, दुपारी. पुढची खोली झाडलेली होती, यंत्रं रिकाम्या खोक्यांत भरून ठेवली होती. आत तेच स्टूल, तेच टेबल. खुर्ची जागेवर होती. मी बसतो न बसतो तोच बाहेर गाडी थांबली आणि अन्वर आत आला. त्याच्या हातात मोठं खोकं होतं.

त्याने नवं यंत्र घेतलं होतं. जुन्यातलं कार्ड काढून आणलं होतं. खऱ्या ताकदीचं, दोन पंख्यांचं. "काका," तो म्हणाला, "कुठवर आली?"

"धरणावर हाय. पाण्यामुळं वेळ लागून राहिला."

"हे लावा. रंगाचं सगळं काम हेच करतंय. आठवड्यात कळमनुरी."

खिल्लारेंनी कार्ड हातात घेतलं. खिशातून पट्टी काढली, लावली. "डब्यात मावणार न्हाई."

"डबा गाडीत हाय. वीजपुरवठ्यासकट आणलाय."

"हिरवं हाय."

"नवं हाय, काका. अजून लई वर्षं ड्रायव्हर येतोय त्याला. तुमीच सांगितलं होतं."

ते खरं होतं. खिल्लारेंनी पंखा उतरवला, भिंगातून चिपेवरचे आकडे वाचले. "वर लिवलंय तेच पोटात हाय," म्हणाले. मग एक मऊ ब्रश घेऊन पंख्याच्या पात्यांवरची धूळ झाडू लागले. एकेक पातं. अन्वर माझ्याकडे बघत होता. साफ झाल्यावर त्यांनी पंखा बसवला, कार्ड पिशवीत घातलं, पिशवी खोक्यात ठेवली आणि खोकं अन्वरच्या पुढे सरकवलं.

"चांगली चीज हाय. कोणाला तरी गरज असंल त्याला दे."

"काहून काका? काय तकलीफ हाय त्याच्यात?"

"तकलीफ काही न्हाई. हे आठवड्यात पोचवंल."

"तेच तर म्हणून राहिलो मी."

"व्हय," खिल्लारे म्हणाले. "मी बी तेच म्हणून राहिलो."

अन्वरने खोकं उचलून दाराजवळ ठेवलं आणि सतरंजीवर बसला. कमलबाईंनी चहा आणला. तिघांनी घेतला.

आम्ही निघायला उठलो तेव्हा वीज गेली. इन्व्हर्टरची शिट्टी वाजली. खिल्लारे लगेच उठले, डोक्यावरचा पंखा बंद केला, ट्यूबलाईट बंद केली, पुढच्या खोलीतला दिवा बंद केला. बॅटरी जुनी होती. सगळी यंत्राला लागणार होती. खोलीत लगेच उकडायला लागलं. कमलबाई पदराने वारा घेत उंबऱ्यावर बसल्या.

दारातून मी मागे पाहिलं. खोलीत पडद्याचाच उजेड होता. चौकोन भरत येत होते. आधी खिडकीची चौकट, मग शिंग, मग कान. कानावरचे केस वाऱ्याने मागे गेलेले होते. त्याच्या पलीकडे पाणी सुरू झालं होतं. खालचा भाग अजून काळाच होता. खिल्लारेंचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी खिशातून पट्टी काढली, पडद्याच्या काळ्या भागाला लावली आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून अंगठ्याने दाखवलं, एवढं.

कळमनुरी अजून यायची होती.